बंधारा ऑक्टोबरचा, शिबिर जानेवारीचे

राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुरस्कारांसाठी महाविद्यालयांकडून जे प्रस्ताव जातात, ते चांगले जाडजूड असतात. प्रभातफेरीची छायाचित्रे, वर्तमानपत्रांतली कात्रणे, हजेरीपट, तासांचा हिशेब, शेवटी सरपंचांचे आभारपत्र. मुले शिबिराला येण्याआधी गावाने काय मागितले होते, हे सांगणारा कागद मात्र त्यात सहसा सापडत नाही. तो कागद नसेल तर पुरस्कार देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गांधी शताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, तेव्हाचे शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ही योजना सुरू केली. तेव्हा ३७ विद्यापीठे आणि ४० हजार विद्यार्थी तीत होते. शिकणाऱ्या मुलाने गावात जावे, हातात फावडे घ्यावे आणि त्यातून शहाणे व्हावे, ही कल्पना आजही तितकीच मोलाची आहे. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि सात दिवसांचे निवासी शिबिर हा तिचा साचा. राष्ट्रीय पुरस्कार १९९३-९४ पासून दिले जाऊ लागले. खेड्यातल्या महाविद्यालयातली मुलगी आपल्या कामाच्या जोरावर थेट राष्ट्रपतींच्या हातून सन्मान घेते, याचा अभिमान वाटायलाच हवा.

घोडे अडते ते वेळापत्रकाशी. वनराई बंधाऱ्याचेच घ्या. सिमेंटची रिकामी पोती मातीने भरायची, दाभणाने तोंडे शिवायची, विटांसारखा सांधेमोड करत थर रचायचे आणि फटींत चिकणमाती दाबायची. खर्च जवळजवळ नाही, मुलांच्या अंगमेहनतीला साजेसे काम. पण ते करायचे पाऊस ओसरल्यावर, ओढा अजून वाहता असताना, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात. तेव्हा अडवलेले पाणी आजूबाजूच्या विहिरींत उतरते, हरभऱ्याला एखादे पाणी जास्त मिळते, गुरांची सोय होते. महाविद्यालयाचे शिबिर मात्र सत्र परीक्षा आटोपल्यावर, डिसेंबर-जानेवारीत. तोवर अनेक गावांतले ओढे कोरडे पडलेले असतात. मग मुले कोरड्या वाळूत पोती रचतात, पाहुणे येतात, छायाचित्रे निघतात. पहिल्या जोराच्या पावसात ती पोती वाहून जातात, आणि मधल्या काळात त्यांनी घागरभर पाणीही अडवलेले नसते. मुलांच्या तळहातांना आलेले फोड खरे असतात. ती मेहनत अशी वाया घालवण्याचा अधिकार कुणालाही नाही.

झाडांची गतही तीच. हिवाळी शिबिरात लावलेले रोप उन्हाळ्याच्या तोंडावर कुणाच्या भरवशावर सोडायचे, हे गावातली कुठलीही म्हातारी विचारील. तिला कुणी विचारलेले नसते.

आधी विचारण्याची ही शिस्त दुसरीकडे लावली जाते. अमेरिकेतल्या स्काउट चळवळीत ‘ईगल’ हा सर्वोच्च मान आहे. तिथल्या मराठी घरांतली मुलेही त्यासाठी झटतात. वयाची १८ वर्षे पुरी होण्याआधी मुलाने एक सेवाप्रकल्प स्वतः आखून, इतरांना सोबत घेऊन पार पाडायचा असतो. किमान इतके तास भरलेच पाहिजेत, अशी अट नाही. पण ज्या शाळेसाठी वा संस्थेसाठी काम करायचे, तिची सही कामाला हात लावण्यापूर्वी आराखड्यावर लागते, आणि काम संपल्यावर पुन्हा लागते. तिथले सगळेच प्रकल्प उत्तम होतात असे मुळीच नाही. तरी ज्याच्यासाठी काम, त्याला आधी विचारायचे, ही शिस्त पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला लागते, हे फार मोठे आहे.

आपल्याकडे हे अवघड नाही. शिबिराची तारीख बदलता येत नसेल तर नका बदलू. पण १२० तासांतले बरेचसे तास शिबिराबाहेर, वर्षभरात भरायचे असतातच. महाविद्यालयाने या कामासाठी दत्तक घेतलेले गाव बहुधा जवळचे असते. ऑक्टोबरातले दोन रविवार बंधाऱ्याला द्यावेत आणि जानेवारीत त्या गावाला जे खरोखर हवे ते करावे: शोषखड्डे, शाळेची रंगरंगोटी, नाही तर विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी. काय हवे ते गणेशोत्सवाच्या सुमारास ग्रामपंचायतीत बसून मुलांनीच विचारावे. योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनी सोबत असावे, पण बोलू मुलांना द्यावे. गावकरी आधी संकोचतील, मग भांडतील, एक आळी दुसरीच्या विरुद्ध बोलेल. हे ऐकून घेणे मुलांच्या शिक्षणाचाच भाग आहे, आणि पोती उचलण्यापेक्षा ते कठीण आहे.

निवड समित्यांनी एवढेच करावे: प्रस्तावात पहिला कागद ग्रामपंचायतीच्या मागणीचा, कामाच्या आधीच्या तारखेचा, सक्तीचा करावा, आणि निकाल लावण्यापूर्वी मे महिन्यात कुणाला तरी त्या गावात पाठवून विहिरीत किती पाणी आहे, किती रोपे जगली, ते पाहून यायला सांगावे.