बाबांचं घड्याळ कुठे लावू?
नवी भिंत दिसली की हात हातोडीकडेच जातो ना? थांबा! आधी फ्रेम्सच्या मापाचे वर्तमानपत्राचे तुकडे कापा आणि टेपने भिंतीवर चिकटवून बघा. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये मी दोन संध्याकाळी नुसते कागदच हलवत होते. ग्रुपचा मध्य जमिनीपासून साधारण 57 इंचांवर, दोन फ्रेम्समध्ये दोन-तीन इंच मोकळे. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर ड्रिल अजिबात नको, आत वायर असू शकते.

एवढं जमलं. अडलं बाबांच्या चावीच्या घड्याळापाशी. ते गेल्यापासून बंदच होतं. ‘बंद घड्याळ भिंतीवर लावू नये,’ आई म्हणाली. शिवाय बाबांचा फोटो आमच्या सिंहगडच्या पिठलं-भाकरीवाल्या फोटोशेजारी? तोही हाराशिवाय? ‘अगं, हसतायत ना ते त्यात!’ मी म्हटलं. ती दोन दिवस बोलली नाही.

शेवटी घड्याळ दुरुस्त करून आणलं. दिवसाला चार मिनिटं मागे पडतं, म्हणून ऑफिसच्या वेळेसाठी शेजारी एक क्वार्ट्झचं लावलंय. आई दर रविवारी येते, स्वतः चावी देते. फ्रेम्सही पुसते आणि झाडून सगळ्या तिरक्या करून ठेवते. सरळ करायचं काम माझं.