आठ दिवसांनंतरही जा

इनामगावकरांनो, शिरूर-दौंडच्या आयाबहिणींनो, भावांनो,

कुणी जिवाचं बरंवाईट करायला निघालं आणि वाचलं, की अख्खी आळी त्या घरी लोटते. चहा होतो, शपथा घातल्या जातात. आठ दिवसांनी ओटा रिकामा. उसाचं बिल आलेलं नसतं, सोसायटीचं कर्ज तसंच असतं, आणि तो माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. खरा धोका इथून पुढे आहे.

म्हणून तुम्ही पुन्हा जा. पंधरा दिवसांनी जा, महिन्याने जा. अशा प्रयत्नातून वाचलेल्या १,८६७ जणांचा अभ्यास चेन्नईसह पाच देशांतल्या पाच शहरांत झाला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. काहींना फक्त नेहमीचे उपचार मिळाले. बाकीच्यांशी तासभर नीट बोलणं झालं आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा विचारपूस झाली, फोनवर किंवा घरी जाऊन. पहिल्या गटात हजारी २२ जण आत्महत्येने गेले, दुसऱ्यात हजारी २. घोड धरणाचं आवर्तन कधी सुटणार, हे आपण रोज विचारतो. माणसाला नऊ वेळा विचारणं आपल्याला जड नाही.

गेलात की उपदेश करू नका. ‘पोराबाळांकडे बघ’ म्हणू नका. आपलं सगळ्यांना ओझं झालंय, हेच त्याच्या मनात घोळत असतं. ‘भाऊ, अजून जीव नकोसा होतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, कोंडलेलं बाहेर येतं. मग ऐका. सोसायटीत हप्त्याचं बोलायला त्याच्या संगतीने जा. बरं वाटलं म्हणून डॉक्टरांच्या गोळ्या मध्येच बंद होऊ देऊ नका.

सासरी नांदणाऱ्या लेकीलाही विचारा. फोनवर ती ‘बरंय’ म्हणते, कारण शेजारी कुणी ऐकत असतं. तिला एकटीला गाठा.

जीव द्यावा वाटण्याची ती घडी बरेचदा थोडाच वेळ टिकते. तेवढ्या वेळात जवळ माणूस हवं. फवारणीची औषधं आजच घरातून हलवा, कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या.

पोलिसांच्या धाकाने असा प्रयत्न लपवू नका. असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला उपचार नि आधार द्यायचा, असं २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र, फुकट चालतो. मराठीत बोलता येतं. जीव आत्ताच धोक्यात असेल तर १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत त्याच्याजवळून हलू नका.

आणि हे वाचताना तुमचाच जीव नकोसा झाला असेल, तर आज एकाला तरी सांगा, ‘माझ्याजवळ बस.’ अशा प्रयत्नातून वाचलेले बहुतेक जण पुढे जगतात, संसार करतात. तुम्हीही जगू शकता. आत्ताच हाक मारा.