दाण्याच्या कुटातील तिखट शेवया

मार्गशीर्षात दिवस लहान होतो. बारामती–इंदापूर रस्त्यावरील निमगाव केतकीत पानमळ्यांवरचे ऊन कलू लागते, शाळेची मुले दप्तरे टाकून स्वयंपाकघरात डोकावतात, नोकरीसाठी बाहेर गेलेली माणसे एसटीतून उतरतात आणि रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्या घरातील गृहिणीची नजर आधी घड्याळाकडे जाते. सूर्यास्त सहाच्या सुमारास असतो. त्यापूर्वी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे आधी जेवण आटोपण्याचा ज्यांचा नियम आहे, त्यांना सव्वापाचच्या आत हात धुवावे लागतात. पावणेपाचला घरी पोहोचलेल्या सुनेच्या हाती अशा वेळी जेमतेम अर्धा तास उरतो. कणीक भिजवून, भाजी चिरून, आमटी उकळून चौघांची पाने वाढण्यास तो अपुरा पडतो.

नियम सुटतो तो श्रद्धा उणावल्यामुळे क्वचितच. बहुधा तो वेळेअभावी सुटतो. त्यातच मुलांना नूडल्स हव्या असतात आणि दुकानातील पाकीट दोन मिनिटांचे आश्वासन देत असते. पाकिटावरील हिरवा ठिपका पाहून पुष्कळ घरे निश्चिंत होतात. परंतु तो ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचेच सांगतो. कांदा-लसणाची पूड त्या ठिपक्याच्या आड सुखाने नांदते. म्हणून घटकांची बारीक अक्षरांतील यादी वाचणे अगत्याचे ठरते. रस्त्याकडेच्या गाड्यावरील ‘शेजवान’ चटणीचा तर मुख्य आधारच लसूण असतो.

‘शेजवान’ हे नाव ज्या सेचुआन प्रांतावरून आले, त्या चीनमधील प्रांतात ‘दान-दान’ नावाच्या तिखट शेवया प्रसिद्ध आहेत. ‘दान’ म्हणजे खांद्यावरची कावड. फेरीवाले कावडीतून शेवया विकत, त्यावरून हे नाव पडले. तिळाचे वाटण, लाल मिरचीचे तेल आणि वरून भरडलेले शेंगदाणे घालण्याची रीत तिकडे आढळते. तीळ, मिरची, शेंगदाणे आणि गव्हाच्या शेवया यांपैकी मराठी घरात कोणती वस्तू नाही? वैशाखात वाळवून डब्यात भरलेल्या शेवया खिरीपुरत्याच का राहाव्यात?

शेंगदाण्याविषयी एक शंका मात्र घरोघरी विचारली जाते: जमिनीखाली येतो तो कंद नव्हे काय? भुईमुगाचे शेत पाहिलेल्यास उत्तर सोपे आहे. त्याचे पिवळे फूल जमिनीच्या वर फुलते. फलधारणा झाली की त्या जागेतून आरी सुटते, ती खाली वाकून मातीत शिरते आणि तिच्या टोकाशी शेंग धरते. शेंग हे फळ आणि दाणा हे बी होय. बटाटा, गाजर, आले यांप्रमाणे तो अनंतकाय कंदमुळांत मोडत नाही. तरीही ज्यांनी ओल्या शेंगांचा त्याग केला असेल, त्यांनी आपला नियम सांभाळावा; या कृतीस वाळलेले दाणेच लागतात.

साहित्य (चौघांसाठी): गव्हाच्या बिनभाजलेल्या शेवया २५० ग्रॅम, शेंगदाणे १ वाटी, तीळ २ चमचे, लाल तिखट २ चमचे, जिरे १ चमचा, सुंठपूड पाव चमचा, मिरे ६, हिंग, चिंचेचा कोळ २ चमचे, चिरलेला गूळ १ चमचा, मीठ, शेंगदाण्याचे तेल ३ चमचे, ढोबळी मिरची २, काकडी १, कढीपत्ता व कोथिंबीर.

कृती: दाणे प्रथम काळजीपूर्वक निवडावेत. किडके दाणे जीवदयेसाठी वेगळे होतातच. काळवंडलेले आणि बुरशी लागलेले दाणेही टाकून द्यावेत, कारण त्या बुरशीमुळे अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते व भाजल्याने ते पूर्णपणे जात नाही. निवडलेले दाणे मंद आचेवर सात-आठ मिनिटे भाजून, सालपटे पाखडून, भाजलेले तीळ व मिरे यांच्यासह तेल सुटेपर्यंत वाटावेत.

मोठ्या पातेल्यात गाळलेले पाणी उकळून त्यात मीठ आणि चमचाभर तेल घालावे. शेवया सोडून दोन-तीन मिनिटांनी एक दाताखाली पाहावी. किंचित टणक असतानाच चाळणीत उपसाव्यात. त्यातील दीड वाटी गरम पाणी बाजूस काढून ठेवण्यास विसरू नये.

या पाण्यातील वाटीभर पाणी थोडेथोडे घालत कूट फेटावे. आरंभी ते घट्ट होऊन गोळा धरते. घाबरू नये, आणखी पाणी पडताच सैल व तुकतुकीत होते. त्यात चिंचेचा कोळ, गूळ, सुंठ व मीठ मिसळावे. कढईत उरलेले तेल तापवून जिरे, हिंग, कढीपत्ता व ढोबळी मिरचीचे उभे काप दोन मिनिटे परतावेत, आच बंद करावी आणि मगच तिखट घालावे. उकळत्या तेलात ते करपते आणि कडवट लागते. त्यावर कुटाचे वाटण व शेवया घालून हलक्या हाताने कालवावे. वरून काकडीचे काप व कोथिंबीर घालून लगेच वाढावे. निवल्यावर हा पदार्थ घट्ट होतो. तेव्हा राखलेले पाणी कामी येते.

अष्टमी-चतुर्दशीस हिरवी भाजी वर्ज्य असणाऱ्या घरी ढोबळी मिरची, काकडी, कढीपत्ता व कोथिंबीर वगळावी. चव दाण्याची असल्याने पदार्थ उणा वाटत नाही. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात, त्यामुळे भाजी नसलेल्या दिवशीही जेवण पोटास आधार देते. वाळवणाच्या शेवया न चालणाऱ्यांनी ताजी घट्ट कणीक सोऱ्यातून थेट उकळत्या पाण्यात पाडावी. वेळ दहा मिनिटांनी वाढतो, इतकेच.

दाणे निवडण्या-भाजण्याचे काम रविवारी उरकून ठेवल्यास एरवीच्या दिवशी चूल पेटल्यापासून पान वाढेपर्यंत वीस मिनिटे पुरतात. दळलेल्या वस्तूची मर्यादा पाळणाऱ्यांनी हिवाळ्यात ७, उन्हाळ्यात ५ आणि पावसाळ्यात ३ दिवस पुरेल इतकेच कूट करावे. दिवस सर्वांत लहान असतात त्याच ऋतूत ही मर्यादा सर्वांत मोठी असते. त्या आठवड्यांत कुटाचा डबा भरलेला असला, तर मुलांचा हट्टही पुरतो, घरातील वडीलधाऱ्यांचा नियमही राहतो आणि खिडकीत उजेड असतानाच भांडी घासून होतात.