दहांतील एक

ख्रिस्ती धर्माविषयीं आपल्या सुशिक्षित घरांतून जी एक शंका वारंवार ऐकूं येते, तिचा विचार या महिन्यांत करावा असें आम्हीं योजिलें आहे. शंका अशी, कीं मनुष्याचें तारण त्याच्या पुण्याईनें होत नसून केवळ देवाच्या कृपेनें होतें असें जर ख्रिस्ती लोक मानतात, तर त्यांनीं देवाच्या आज्ञा पाळाव्या तरी कशासाठीं? निकाल आधींच लागला असेल तर विद्यार्थ्यानें अभ्यास कां करावा? शंका खोडसाळ नाहीं. कर्म तसें फळ हें ज्यांनीं बाळपणापासून ऐकिलें, त्यांना ती यावयाचीच.

1563 सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें प्रसिद्ध झालेली एक प्रश्नोत्तरी कित्येक ख्रिस्ती पंथांत अद्यापि शिकविली जाते. तिचे तीन भाग आहेत. पहिला मनुष्याच्या दैन्याचा, दुसरा त्याच्या सुटकेचा आणि तिसरा कृतज्ञतेचा. देवाच्या दहा आज्ञांचें विवरण यांपैकीं तिसऱ्या भागांत केलेलें आहे, आणि आमच्या शंकेचें उत्तर या मांडणींतच आहे. आज्ञापालन ही तारणाची किंमत नव्हे. तारण लाभलेल्या मनुष्यानें मानलेले ते उपकार होत. आपल्याकडेही मनुष्य जन्मतःच देव, ऋषि आणि पितर यांचें ऋण घेऊन येतो असें म्हटलें आहे. घेणें आधीं आणि कर्तव्य मागाहून, हा क्रम आपणांस अगदींच अपरिचित नाहीं.

तथापि आज्ञा पाळली म्हणजे उपकार मानलेच, असें मात्र कोणीं समजूं नये. लूकच्या शुभवर्तमानांत दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. शोमरोन व गालील या प्रांतांच्या सीमेवर ते येशूला दुरूनच हांक मारितात. जवळ येण्याची त्यांना मुभाच नव्हती. येशू त्यांना, जाऊन याजकांस आपलें अंग दाखवा, एवढेंच सांगतो. त्या काळच्या नियमाप्रमाणें रोगी बरा झाला कीं नाहीं हें याजकानें पाहावयाचें, आणि त्यानें शुद्ध म्हटल्यावांचून रोग्यास गांवांत परत यावयास मिळत नसे. ते दहाही जण निघाले तेव्हां अंगावर रोग तसाच होता. वाटेंत ते बरे झाले. म्हणजे आज्ञा दहांनींही पाळली, आणि तीही डोळ्यांना कांहीं दिसण्यापूर्वीं! मागें फिरून पायां पडला तो एकच, आणि तोही यहुदी लोक ज्यांना परके मानीत त्या शोमरोनी लोकांपैकीं. बाकीच्या नवांनीं सांगितलेलें काम चोख केलें, परंतु तें काम सांगणाऱ्याची त्यांना आठवण राहिली नाहीं.

ही गोष्ट वाचतांना आम्हांस चंद्रपूर जिल्ह्यांतील वरोऱ्याची आठवण होते. चंद्रपुरास, म्हणजे पूर्वीच्या चांद्यास, स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चचें मिशन एकोणिसाव्या शतकांतच आलें होतें. पण आम्ही सांगतों ती हकीकत मिशनची नाहीं. वरोऱ्याचे वकील मुरलीधर देविदास उर्फ बाबा आमटे हे जन्मानें ब्राह्मण होते, आणि त्यांस ख्रिस्ती ठरविण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. 1951 सालीं सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर त्यांनीं व साधनाताईंनीं गांवाबाहेरच्या खडकाळ माळावर आनंदवन वसविलें. रोग्यांनीं तेथें विहीर खणली, भाजी पिकविली. परंतु ती भाजी विकत घ्यावयास गांवांतील लोक धजेनात.

पहिल्या महायुद्धानें उद्ध्वस्त झालेलीं खेडीं स्वतःच्या हातांनीं उभारण्यासाठीं पियेर सेरेसोल या ख्रिस्तनिष्ठ स्विस गृहस्थानें 1920 सालीं स्वयंसेवकांचें एक पथक काढिलें. त्यांतून वाढलेल्या संस्थेचे देशोदेशींचे तरुण पुढें आनंदवनांत येऊन राहिले, रोग्यांच्या बरोबरीनें राबले, तेथलेंच अन्न जेवले. तें पाहून गांवकऱ्यांची भीति हळूहळू ओसरली.

याच्याही पुढची गोष्ट विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. 1964 सालीं आनंदवनांत आनंद निकेतन महाविद्यालय निघालें. त्याच्या भिंती बऱ्या झालेल्या रोग्यांनीं बांधल्या, आणि शिकावयास आलीं तीं निरोगी घरांतील मुलें. ज्यांच्या दारांत उभें राहतां येत नव्हतें, त्यांच्याच लेकरांसाठीं यांनीं शाळा उभारिली. पुढें 1973 च्या डिसेंबरांत याच संस्थेनें आजच्या गडचिरोली जिल्ह्यांत, भामरागडच्या अरण्यांत, हेमलकसा येथें माडिया गोंडांसाठीं लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. लाभलेल्या उपकाराची परतफेड उपकार करणारालाच करावी लागते असें नाहीं, हें या मंडळींस चांगलें उमगलें होतें.

आतां आपल्याकडे वळूं. आज कुष्ठरोग औषधानें पूर्ण बरा होतो. 1898 चा महारोग्यांविषयींचा कायदा 2016 सालीं रद्द झाला, आणि 2019 च्या कायद्यानें हा रोग घटस्फोटाचें कारण म्हणूनही उरला नाहीं. सरकारी नियम आपण पाळतों, पुजाअर्चा करितों, व्रतेंही मोडीत नाहीं. परंतु बरा झालेला मनुष्य कामासाठीं दारीं आला, तर त्याच्या हातचें पाणी आपल्या घरांत कोण पिईल? नियम पाळण्यांत ते नऊ जणही कमी नव्हते. आपणांस जें आयतें लाभलें, म्हणजे निरोगी देह, विद्या, चार माणसांत मान, तें कोणत्या पुण्याईनें, याचा उलगडा आपणांपैकीं कोणासही करितां येणार नाहीं. त्याचे उपकार मानावयाचे असतील तर देवघरांतून उठल्यावर पहिलें पाऊल त्या उंबरठ्याकडे टाकावें, असें आम्हांस वाटतें. आमच्या वाचकभगिनींनीं हा प्रश्न घरांतील वडीलधाऱ्यांपुढें अवश्य काढावा. तो निघाला म्हणजे घरांत थोडी कुजबूज होईल. ती होऊं द्यावी.