उशाशी कोण बसणार?

‘महामारीत माणसं एकटी गेली खरी, पण त्याला कोण काय करणार?’ हे वाक्य मी साखळीच्या बाजारात ऐकलं, लग्नाच्या पंगतीत ऐकलं, आमच्याच समाजाच्या सभेत माइकवरूनही ऐकलं. बोलणारा सुस्कारा टाकतो, ऐकणारे माना हलवतात आणि विषय संपतो. मला तो इतक्यात संपवायचा नाही. करता येण्यासारखं पुष्कळ होतं. ते करणारी माणसंही होती. आपण त्यांना ‘अत्यावश्यक नाही’ म्हणून बाजूला बसवलं.

आधी घडलेलं सांगते. आमच्या शेजारच्या माईंचा कर्करोग २०२०च्या पावसाळ्यात शेवटच्या टप्प्याला आला. नवरा केव्हाच गेलेला, मुलगा जवळ, मुलगी चोर्ला घाटापलीकडे बेळगावला दिलेली. वेदना सोसेनात तेव्हा मुलाने माईंना इस्पितळात नेलं. तिथे तपासणीत कोविड निघाला. माईंना आतल्या वॉर्डात हलवलं आणि मुलाला सांगितलं, ‘तू घरी जा, फोन करू.’ दोन दिवस फोन आला नाही.

तिसऱ्या दिवशी आला तो डॉक्टरांचा नव्हे, तिथल्या समाजसेविकेचा. कर्करोगाच्या रुग्णांची आणि त्यांच्या घरच्यांची विचारपूस करणं हे तिचं मूळ काम. महामारी आल्यावर तिला तिथून उठवून आकडे भरायला बसवलं होतं. आकडे भरून झाले की ती आतल्या नर्सला गाठायची आणि तिच्या मोबाईलवरून रुग्णांशी बोलायची. माई रात्रभर तळमळत होत्या, औषधाचा डोस वाढवूनही तळमळ जात नव्हती. हिने विचारलं, ‘माई, मनात काय आहे?’ माई आधी एवढंच म्हणाल्या, ‘माका घरा व्हर गो.’ मग हळूहळू खरं बाहेर आलं. चार बांगड्या गहाण टाकलेल्या. पावती तांदळाच्या डब्यात. मुदत टळली तर बांगड्या जाणार, आणि त्या तर नातीच्या लग्नासाठी ठेवलेल्या. मुलाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. समाजसेविकेने त्याला सांगितलं, त्याने डबा उपसला, पैसे भरले, बांगड्या सोडवून आणल्या आणि त्यांचा फोटो पाठवला. नर्सने तो माईंना दाखवला. त्या रात्री माई झोपल्या.

चार दिवसांनी त्या गेल्या. तो रविवार होता, समाजसेविका सुट्टीवर. मुलाने हात जोडून विचारलं, ‘एकदा तोंड बघू द्या.’ उत्तर आलं, ‘नियम नाही.’ बंद पिशवी तशीच चितेवर गेली. हा मुलगा आजही मधूनच मला विचारतो, ‘ताई, ती माझीच आई होती ना?’

आता नियम काय होता तो ऐका. १५ मार्च २०२०ला, म्हणजे टाळेबंदी लागण्याच्याही आधी, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कोविडने गेलेल्यांच्या देहाबद्दल सूचना काढल्या होत्या. त्यात स्पष्ट लिहिलंय की, कर्मचाऱ्याने काळजी घेऊन पिशवीची चेहऱ्याकडची चेन उघडावी आणि नातेवाइकांना अखेरचं दर्शन घेऊ द्यावं. देहाला स्पर्श न करता पाठ म्हणणं, तीर्थ शिंपडणं याला परवानगी होती. राखेपासून धोका नाही, अस्थी गोळा करता येतात, हेही लिहिलं होतं. मनाई होती ती स्पर्शाला, आंघोळीला, कवटाळण्याला. म्हणजे विषाणूने जे हिरावलं ते हिरावलंच, पण त्याहून कितीतरी जास्त आपल्या घाबरटपणाने हिरावलं. तो कागद वाचलेलं आणि मुलाच्या बाजूने ‘नियम आहे’ असं ठणकावणारं एक माणूस त्या दारात हवं होतं. ते माणूस पगारावर होतंही, फक्त दुसऱ्या टेबलावर.

‘लोकांना प्राणवायू मिळत नव्हता आणि तुम्हाला समाजसेविका सुचतात!’ असं मला ऐकवलं गेलंय. प्राणवायूची किंमत मला शिकवू नका. २०२१च्या मे महिन्यात बांबोळीच्या गोमेकॉतल्या पुरवठ्याचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला, त्या रात्री साखळीतल्याही किती घरांनी फोन उशाशी घेऊन काढल्या. पण तेव्हाची घरच्यांची तडफड आठवा. आपलं माणूस कुठल्या खाटेवर आहे, जेवलं का, शुद्धीत आहे का, हे सांगणारं कुणी नव्हतं. प्राणवायूची नळी आणि घरचा निरोप यांच्यात एकच निवडायचं, असं कुणी ठरवलं? आणि जे वाचणारच नव्हते त्यांचं काय? माईंना जगवायला कुणी सांगत नव्हतं. त्यांना नीट मरू द्यायचं होतं, एवढंच.

असाध्य आजारात वेदना हलकी करायची आणि माणसाला शेवटपर्यंत माणूस म्हणून सांभाळायचं, या सेवेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मराठीत उपशामक सेवा. ही सेवा डॉक्टर-नर्सची आणि समाजसेवक म्हणजे तोंडी लावणं, असा आपल्याकडे समज आहे. पण या शास्त्राचा पाया घालणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग इस्पितळातल्या समाजसेविका झाल्या आणि डॉक्टर त्यानंतर. समाजसेविका असताना लंडनमध्ये एका मरणाऱ्या पोलिश निर्वासिताशी झालेल्या बोलण्यातून त्यांना मरणासन्नांसाठी वेगळं घर काढायची दिशा मिळाली. ते सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस १९६७ साली उभं राहिलं. वेदना नुसती शरीराची नसते, ती मनाची असते, पैशाची असते, नात्यांची असते, श्रद्धेची असते, हे त्यांचंच सांगणं. माईंची वेदना तांदळाच्या डब्यात होती. ती मॉर्फीनने कशी जाईल?

‘ही परदेशी थेरं आहेत, आपल्याकडे घरची माणसं असतात,’ असं म्हणणाऱ्यांना मी आमच्याच घरातलं दाखवते. कुडण्याची जुनी जैन बस्ती साखळीपासून हाकेच्या अंतरावर आहे, म्हणजे या मातीला आमचा धर्म नवा नाही. शिवार्यांच्या ‘भगवती आराधना’ या प्राचीन ग्रंथात सल्लेखना घेतलेल्या साधकाच्या सेवेची व्यवस्था सांगितली आहे. त्यासाठी अठ्ठेचाळीस निर्यापक, म्हणजे सेवा करून त्याला पार नेणारे. कुणी त्याला उठवायचं-बसवायचं, कुणी धर्मकथा सांगायची, कुणी दारावर लक्ष ठेवायचं, कुणी रात्री जागायचं. काळ वाईट असेल, माणसं मिळत नसतील तर संख्या कमी करत जा, पण दोनाच्या खाली येऊ नका, असं ग्रंथ बजावतो. एकच असला आणि तो भिक्षेला गेला तर मरणाऱ्यापाशी कोण? बघा, वाईट काळाचाही हिशेब त्यांनी करून ठेवला होता. आणि ज्याने स्वेच्छेने, शांत चित्ताने मरण स्वीकारलंय, त्याच्यासाठी हा बंदोबस्त! घाबरलेल्या, गुदमरणाऱ्या, घरी जायचं म्हणणाऱ्या माईंच्या उशाशी आपण किती ठेवले? शून्य.

रुग्णसेवेला आपण वैयावृत्त्य म्हणतो आणि अंतरंग तपांत मोजतो. मग महामारीत आपल्या समाजाने काय केलं? धान्याची पाकिटं वाटली, प्राणवायूची यंत्रं दिली, यंत्रांवर दात्यांची नावं रंगवली. चांगलं केलं, मी नाकारत नाही. पण एका समाजसेविकेचा वर्षाचा पगार देऊ या, असं मी सभेत म्हटलं तेव्हा एक काका म्हणाले, ‘त्यात दाखवायला काय राहणार?’ काही राहत नाही, काका. एक मुलगा रात्री झोपू शकतो, तेवढंच.

स्वयंसेवकांवर भागेल असंही समजू नका. मरणानंतर कामं सुरू होतात. कोविडने गेलेल्याच्या घरच्यांना पन्नास हजारांची मदत जाहीर झाली, पण दाखल्यावर मृत्यूचं कारण नीट हवं. विधवेसाठी दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा अर्ज हवा. हे जाणणारं, रोज कामावर येणारं, रडणाऱ्या माणसापुढे न डगमगणारं प्रशिक्षित माणूस लागतं. आणि त्याला पगार लागतो.

कागदावर सगळं आहे हो. उपशामक सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२चा. आयुष्मान भारतच्या आरोग्य केंद्रांनी द्यायच्या बारा सेवांतही ती आहे. केरळने २००८ सालीच धोरण करून ती ग्रामपंचायतींपर्यंत नेली, तिथे नर्स घरी जाते. आपल्याकडे लोटलीला शांती अवेदना सदन आहे, पण साखळी-सत्तरीच्या माणसाला ते गोव्याचं दुसरं टोक. २०२४ साली इथल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी स्वतः मरणपूर्व इच्छापत्र नोंदवलं, तेव्हा गोव्याचं देशभर कौतुक झालं. मलाही अभिमान वाटला. पण ते इच्छापत्र आमच्या केरी-मोर्ल्याच्या म्हाताऱ्यांना समजावून सांगणार कोण?

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक सामाजिक आरोग्य केंद्रात उपशामक सेवेसाठी एक समाजसेवक, कायम पदावर. आणि पुढच्या महामारीची अत्यावश्यक सेवांची यादी निघेल तेव्हा त्यात त्याचं नाव. पिशवीची चेन कधी उघडायची हे त्याला माहीत असेल आणि तांदळाच्या डब्याबद्दल तो विचारील.

गोव्यातला पहिला कोविडबळी जून २०२०मध्ये गेला, तो मोर्ल्याचा, आपल्याच शेजारचा, पंच्याऐंशी वर्षांचा वृद्ध. त्यांचा शेवट झाला सासष्टीत, मडगावच्या इस्पितळात. तिथपासून मोजायला लागा. आकडे आपण रोज सहा वाजता ऐकत होतो. त्यातल्या किती जणांना कुणीतरी विचारलं होतं, ‘मनात काय आहे?’ हा आकडा कुणी मागितलाच नाही.