पोळ्याआधीची कामे : गोठा, पंप आणि बाटली



पोळा आठ दिवसांवर आला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. आपल्या सिंदी (रेल्वे)चा तान्हा पोळा दूरवर नावाजलेला. लेकरांनी लाकडी नंदी पुसायला काढलेही असतील. आपण आधी गोठ्यातल्या नंदीकडे पाहू.

गोठ्यातला चिखल काढून मुरूम टाका. मूत्राला उतार द्या. कुटाराला बुरशीचा वास येत असेल तर ते उकिरड्यावर जाऊ द्या, गव्हाणीत नको. डवरणीने खांदा सोलला असेल त्या बैलाला आठवडाभर जू नको. 2022 साली लम्पीने राज्यात हजारो जनावरे मेली. अंगावर गाठी आलेला बैल तोरणाखाली नेऊ नका, पशुवैद्यकाला दाखवा.

आता बाटलीची गोष्ट. माझ्या नोकरीच्या सुरुवातीची वर्षे होती. पोळ्याच्या दोन दिवस आधी एका घरून निरोप आला. बैल धुताना गोचीड फार दिसले, म्हणून घरधन्याने पऱ्हाटीवरचे उरलेले औषध पाण्यात कालवून बैलाच्या अंगाला चोळले. बैलाने अंग चाटले. मी डॉक्टरांना घेऊन पोचलो तेव्हा लाळेच्या तारा लागल्या होत्या, अंग थरथरत होते. बैल वाचला नाही. गवळाऊ जातीचा, पांढराशुभ्र, बंडीला पळणारा होता. पोळ्याच्या दिवशी घरधनी एकच बैल घेऊन तोरणाखाली उभा राहिला. कोणी काही विचारले नाही. शिकला सवरलेला माणूस होता तो. पण आदल्या महिन्यात त्याच्याच वावरात उभे राहून मी फवारणी समजावली होती, गोचिडाचे बोललो नव्हतो. तेव्हापासून दरसाल बोलतो.

म्हणून पिकाचे औषध जनावराच्या अंगाला कधीही लावू नका. गोचिडाचे औषध वेगळे असते, ते दवाखान्यात विचारून, सांगितलेल्या मापानेच वापरा. चुकून लागलेच तर साबण-पाण्याने अंग धुवा, चाटू देऊ नका, आणि बाटलीची चिठ्ठी घेऊन डॉक्टरकडे धावा.

माणसालाही हेच लागू आहे. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढली की फवारा तोंडावर येतो. तेव्हा वाऱ्याकडे पाठ करून, तोंड-नाक झाकून, हातमोजे घालून फवारा. दोन-तीन औषधे मनाने मिसळू नका. गळका पंप आधी दुरुस्त करा. त्याची बादली गोठ्यात नको आणि रिकामी बाटली घरात नको.

फवारण्याआधी गरज आहे का तेही पाहा. एकरी दोन कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-दहा पतंग सापडले तर गुलाबी बोंडअळीची वेळ आली असे समजा.

मायबहिणींनो, औषधाची पेटी उंचावर ठेवून तिची किल्ली तुम्हीच सांभाळा. रात्री गोठ्यात जाताना टॉर्च घ्या, जमिनीवर निजू नका. साप चावलाच तर कापणे, बांधणे, मांत्रिक यांत वेळ न घालवता 108 ला फोन करून रुग्णालय गाठा.

एवढे झाले की खुशाल झुली शिवा, शिंगे रंगवा. यंदा तोरणाखाली प्रत्येक जोडी पुरी दिसावी.