मुका केलेला विनोद

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा विनोद आता शिळा झाला, हे विधान सुशिक्षितांच्या बैठकीत हल्ली इतक्या सहजपणे केले जाते की, त्याला पुरावा मागणे हेच अरसिकतेचे लक्षण ठरावे. अमरावती-अकोल्याकडील मंडळीही या विधानाला मान डोलावतात, ही विशेष खेदाची गोष्ट होय. ज्या गृहस्थाच्या साहित्याचा हा मृत्युलेख लिहिला जात आहे, त्याने वकिली केली ती अकोला-खामगावास, आणि मराठी विनोदी निबंधाचा पाया घातला तोही वऱ्हाडात राहूनच. आमचे म्हणणे असे की, हा विनोद शिळा झालेला नाही. तो मुका झाला आहे. शिळेपण हा पदार्थाचा दोष, मुकेपण हा परिस्थितीचा. एकाच्या अपराधाबद्दल दुसऱ्याला शिक्षा देणे हा न्याय नव्हे.

ही परिस्थिती कोणती, ते पाहू. कोल्हटकरांचा ‘साक्षीदार’ हा पहिला विनोदी लेख १९०२ साली ‘विविधज्ञानविस्तारा’त आला. त्याच वर्षी कलकत्त्यास गौहर जानचे गाणे तबकडीवर उतरले. म्हणजे मराठी विनोदी निबंध आणि हिंदुस्थानातील ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय ही जवळजवळ जुळी भावंडे. परंतु एकाने दुसऱ्याला आपल्या घरात थारा दिला नाही. तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचाच मजकूर मावे. नाटकातले पद तेवढ्या वेळात बसे; फाल्गुनरावाचा संशय बसत नसे! देवलांचे ‘संशयकल्लोळ’ १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. त्यातील पदे आजही घरोघर गुणगुणली जातात; पण संशयाला संशय जोडीत जाणारे ते नवराबायकोचे भांडण, जे या प्रहसनाचा खरा प्राण आहे, ते किती घरांत ऐकले जाते? अमरावतीच्या वीर वामनराव जोश्यांचे ‘रणदुंदुभि’ हे काही विनोदी नाटक नव्हे, पण नियम त्यालाही तोच लागू पडला: मास्टर दीनानाथांची पदे राहिली, संवाद पुस्तकात निजले. यंत्राने जे उचलले ते लोकांच्या कानी राहिले, जे टाकले ते विस्मरणात गेले. आणि आपण मात्र यंत्राच्या मर्यादेला काळाचा निवाडा समजून बसलो.

याउलट पु. ल. देशपांड्यांचे उदाहरण घ्या. ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली पुस्तकरूपाने आली, १९६१ पासून ती त्यांनी स्वतः रंगमंचावर सादर केली, आणि पुढे ध्वनिफितीच्या युगात तासातासाचे गद्य लोकांच्या दिवाणखान्यात जाऊन बसले. आज ज्याने त्यांचे एकही पुस्तक उघडलेले नाही, असा मुलगाही त्यांची वाक्ये त्यांच्याच ठेक्यात म्हणून दाखवितो. यात पुलंच्या गुणाचा वाटा मोठा आहे, हे कोण नाकारील? परंतु त्यांचे लेखनही केवळ क्रमिक पुस्तकात, शब्दार्थ आणि स्वाध्याय यांच्या कात्रीत सापडले असते, तर ते एवढे ताजे राहिले असते काय? लक्ष्मण देशपांड्यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ घ्या. त्यातले वऱ्हाड लग्नाचे, आपल्या प्रांताचे नव्हे, बोली मराठवाड्याची. तरी तिचा एकही शब्द कानाआड न करता साऱ्या महाराष्ट्राने ते ऐकले. डोळ्याला जी भाषा अडते ती कानाला अडत नाही, याचा यापेक्षा चांगला दाखला हवा कशाला?

यावर असे म्हणतात की, कोल्हटकरांची भाषाच जड. जड आहे खरी. पण तो जडपणा हाच तर विनोद! ‘चोरांचे संमेलन’ हे नावच पाहा. चोरांचा व्यवहार संमेलनाच्या गंभीर थाटात मांडायचा, तर भाषाही तशीच भारदस्त हवी. डोळा लांब वाक्य पाहून थकतो. कान मात्र चेहरा न हलवता बोलणाऱ्याचा मिस्कीलपणा तत्काळ ओळखतो. १९२७ साली पुण्याच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद याच लेखकाने भूषविले, हे माहीत असणाऱ्या श्रोत्याला तर त्या लेखाची गोडी दुप्पट वाटावी.

दुसरा आक्षेप असा की, ऐकण्याने वाचनाचा आळस वाढेल. ज्या समाजाचे शिक्षण शतकानुशतके कीर्तन आणि पुराणश्रवण यांवर झाले, त्याने हा आक्षेप घ्यावा, हे नवल होय. पोथी ऐकून कोणी निरक्षर झाल्याचे ऐकिवात नाही.

आता सबबी उरल्या नाहीत. खिशातल्या दूरध्वनीवर तासन्‌तास आवाज मुद्रित होतो. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या लेखनावरील हक्क संपतात; देवल १९१६, गडकरी १९१९ आणि कोल्हटकर १९३४ साली निवर्तले, तेव्हा परवानगीचाही प्रश्न नाही. ‘सुदाम्याचे पोहे’ १९१० साली अठरा लेखांचे होते, १९२३ साली ते बत्तीस झाले. अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रातील बत्तीस महाविद्यालयांनी एकेक लेख वाटून घेतला, तर एका वर्षात हे कार्य सिद्धीस जाईल.

मात्र तीन पथ्ये पाळावीत. वाक्ये छाटू नयेत. त्या काळच्या थट्टेतले जे आज खटकते तेही सांगून-सवरून ठेवावे, कारण समाजाचे व्यंग लपवून व्यंगलेखन जपता येत नाही. मागे वाद्ये आणि उसने हास्य घालू नये. कोठे हसावे हे श्रोत्याला कळते. आणि वाचणाऱ्याने आपल्या वऱ्हाडी उच्चारांची लाज बाळगू नये. या मातीत लिहिलेली वाक्ये याच मातीच्या कंठातून निघाली, तर त्यात कमीपणा कसला?

एवढे करूनही कोणी हसले नाही, तर कोल्हटकर शिळे झाले हे आम्ही मुकाट्याने मान्य करू. परंतु ज्याला बोलूच दिलेले नाही, त्याचे बोलणे नीरस असल्याचा निकाल आज देता येणार नाही.